ऑनलाईन औषधविक्री : चतुष्पाद आणि जमाखर्च

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. येथील दवाखान्यात वैद्यासमोर बसलेला रुग्ण आताशा खिशातून भ्रमणध्वनी काढतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, हेच चूर्ण यावर ऐंशी रुपयांनी स्वस्त दिसतंय. मागवू का?" प्रश्न निरागस असतो, परंतु वैद्याच्या आणि शेजारच्या औषधी दुकानदाराच्या मनात तो घर करून राहतो. जे दुरून विकत आहेत त्यांना परवडते, मग आपल्याला का परवडू नये? आपणही ऑनलाईन दुकान का काढू नये?

प्रस्तुत लेखकाच्या मनात हाच विचार आला आणि त्याने तो प्रयोग करूनही पाहिला. त्या अनुभवाचा आणि त्यानंतर केलेल्या अभ्यासाचा सारांश वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभशूरता

संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हास सांगितले होते की, एकदा दुकान उभे राहिले की ते रात्रंदिवस आपोआप चालते. आपण फक्त पैसे मोजायचे. परवानाधारक कारखान्यातून बनवून घेतलेली पाच औषधे आम्ही त्यावर मांडली. पहिल्या तीन महिन्यांत अकरा मागण्या आल्या. त्यांपैकी सात नातेवाइकांच्या व जुन्या रुग्णांच्या होत्या. पावसाळ्यात पाठविलेल्या दोन बरण्यांतील चूर्णाच्या गुठळ्या झाल्या व त्या परत आल्या.

आपोआप काहीही चालत नाही, हा पहिला धडा येथे मिळाला. चित्रे काढणे, माहिती लिहिणे, विचारणांना त्याच दिवशी उत्तरे देणे, वेष्टन करणे, डाकघरात जाणे, परत आलेल्या मालाचा व कराचा हिशोब ठेवणे, या सर्वांस रोजचे दोन-अडीच तास लागतात. दवाखाना सांभाळून हे करणाऱ्यास ते रात्रीच करावे लागते.

एका बरणीचा हिशोब

व्यवसायात भावनेपेक्षा अंक अधिक बोलतात. म्हणून एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

चूर्णाच्या एका बरणीची किंमत करासह रु. २५० आहे असे मानू. औषधांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानुसार त्यातील सुमारे रु. ११.९० कराचे. मोठ्या विक्रीमंचाचे दलाल-शुल्क १५ टक्के धरल्यास रु. ३७.५०. पोचविण्याचा खर्च रु. ७०. बरणी, लेबल व खोके रु. २०. औषधाचा उत्पादनखर्च रु. ७५. बेरीज रु. २१४.४० होते. हाती उरतात रु. ३५.६०.

आता दहांपैकी एक बरणी परत आली असे समजा. जाण्यायेण्याचे रु. १४० गेले, आणि ऊन-पावसातून फिरून आलेले औषध पुन्हा विकणे वैद्यधर्मात बसत नाही, म्हणून औषध व वेष्टनाचे रु. ९५ हेही गेले. हे रु. २३५ उरलेल्या नऊ बरण्यांवर वाटले तर प्रत्येकीवर सुमारे रु. २६ चा भार पडतो. नफा राहिला साडेनऊ रुपये.

यात जाहिरात धरलेलीच नाही. ५०० रुपयांच्या जाहिरातीतून पाच मागण्या आल्या तर प्रत्येक मागणीमागे १०० रुपये खर्च झाले. म्हणजे परत आलेला माल बाजूला ठेवला तरी पहिल्या विक्रीत रु. ६४.४० तोटा. मोठ्या कंपन्यांचेही गणित याहून फार निराळे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'मामाअर्थ' या नाममुद्रेच्या कंपनीने २०२२-२३ या आर्थिक वर्षात आपल्या उत्पन्नाचा सुमारे एकतृतीयांश भाग जाहिरातीवर खर्च केला होता. त्यांच्यामागे गुंतवणूकदारांचे भांडवल असते. आपल्यामागे दवाखान्याचा गल्ला असतो.

मग नफा कोठे आहे? तो दुसऱ्या व तिसऱ्या मागणीत आहे. तोच ग्राहक पुढील दोन बरण्या जाहिरातीविना व दलालीविना थेट मागवील तर प्रत्येकीत रु. ७३.१० सुटतात, पहिला तोटा वजा जाता तीन बरण्यांवर रु. ८१.८० उरतात. सारांश, एकदाच येणारा ग्राहक नुकसान करतो आणि विश्वासाने परत येणारा ग्राहक व्यवसाय उभा करतो. दवाखान्याचाही नियम हाच नव्हे काय?

चतुष्पादाची कसोटी

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. ऑनलाईन व्यवसायास हीच कसोटी लावून पाहिली असता त्याची बळे व उणिवा स्पष्ट दिसतात.

*द्रव्य.* वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३-ईईसी नुसार परवान्यातून सूट आहे. परंतु अनोळखी ग्राहक म्हणजे आपला रुग्ण नव्हे. तेच चूर्ण संकेतस्थळावर मांडले की उत्पादनाचा परवाना लागतो व अनुसूची 'टी' मधील उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम लागू होतात. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही हे खरे. पण त्यावरून निर्मितीसही लागत नाही असा समज अनेकांचा असतो, तो धोक्याचा आहे. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारकाकडून माल घेणे हाच सरळ मार्ग.

साठवणुकीचा विचारही येथेच करावा. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. आजचे नियम व आजचे वेष्टन याहून अधिक मुदत देतात, तथापि विक्री किती होईल हे ठाऊक नसताना शेकडो बरण्या भरून ठेवणे हे शास्त्रासही धरून नाही आणि व्यापारासही. चूर्णाहून वटी पाठविण्यास सोपी व प्रवासात टिकाऊ असते, हे अनुभवाने सांगता येईल.

*भिषक्.* वत्सनाभ, कुचला, भल्लातक, हिंगुळ, हरताळ, पारद इत्यादी द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये आहेत. ती असलेली औषधे ग्राहकाने नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी संकेतस्थळावर चढविल्यावरच विकावीत, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये विक्रीमंचांना दिली. म्हणजे आपल्या रोजच्या वापरातील त्रिभुवनकीर्ती व आरोग्यवर्धिनी हीसुद्धा चिठ्ठीविना पाठविता येत नाहीत. हे बंधन जाचक वाटते. परंतु भिषक् हा पाद वगळून उरलेल्या तिघांवर चिकित्सा उभी राहत नाही, हे आपणच शिकलो आहोत.

*उपस्थाता.* दक्षता, अनुराग आणि शौच हे गुण चरकाचार्यांनी परिचारकाचे सांगितले. आज वेष्टन करणाऱ्या मुलात आणि दूरध्वनी उचलणाऱ्या सहायकात तेच पाहावे लागतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे, अशी अपेक्षा आहे. स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्यासही हे उत्तरदायित्व चुकत नाही.

*रोगी.* येथेच आमची सर्वांत मोठी चूक झाली. एके दिवशी दूरच्या शहरातून एका ग्राहकाचा दूरध्वनी आला. "तुमचं चूर्ण सुरू केल्यापासून साखरेच्या गोळ्या मी बंदच केल्या," असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. संकेतस्थळ उघडून पाहिले. मजकूर लिहिणाऱ्याने चूर्णाच्या चित्राखाली 'मधुमेहावर रामबाण' असे शब्द घातले होते आणि आम्ही ते वाचून पाहिले नव्हते. त्या गृहस्थांना त्याच क्षणी गोळ्या पुन्हा सुरू करून आपल्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. पुढे आठवडाभर रोज त्यांची विचारपूस केली. अनर्थ टळला, पण त्या रात्री झोप लागली नाही. ज्याची नाडी पाहिली नाही, ज्याचे रक्ताचे अहवाल पाहिले नाहीत, त्याच्या हाती आपण औषध आणि आश्वासन दोन्ही दिले होते.

औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, स्थूलता, आमवातादी विकार, श्वित्र, नपुंसकत्व इत्यादी व्याधी आहेत. त्यांच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही. आपल्याकडे निशा-आमलकीचा योग प्रमेहात सर्वश्रुत आहे. दवाखान्यात तो जरूर द्यावा. परंतु संकेतस्थळावर 'मधुमेहासाठी' असे लिहून तो विकणे हा गुन्हा ठरतो.

विश्वास हेच भांडवल

२००८ साली अमेरिकेतील 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आंतरजालावरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी केली असता २०.७ टक्के नमुन्यांत शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. रसौषधींच्या शोधन-मारणाचा विचार त्यात पुरेसा झाला नाही अशी आपली बाजू मांडता येईल. परंतु दुरून विकत घेणाऱ्याच्या मनात जी शंका उत्पन्न झाली ती युक्तिवादाने जात नाही. प्रत्येक खेपेचा तपासणी-अहवाल दाखविल्यानेच ती जाते. तो खर्चही वरील हिशोबात धरावयास हवा.

या बाबतीत आपल्या भागास एक अनुकूलता आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आकारास येत आहे. हळदीच्या व्रणरोपक गुणाचे १९९५ साली अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ज्याचे मूळ शेत दाखविता येते असे द्रव्य आपल्या दारात असताना दूरच्या कारखान्याच्या पन्नास बरण्या मांडण्यापेक्षा एकच द्रव्य शुद्ध, तपासलेले व रोगाचा दावा न करता विकणे अधिक शहाणपणाचे. मात्र ती हळद अन्नपदार्थ म्हणून विकल्यास अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी वा परवाना घ्यावा लागेल.

आज काय उरले

आम्ही जाहिरात बंद केली आणि औषधे पाचावरून दोनावर आणली. संकेतस्थळ अनोळखी ग्राहकासाठी न ठेवता जुन्या रुग्णांसाठी ठेवले. आपल्या भागातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईकडे गेली आहेत. दिवाळीला गावी आले की ते दवाखान्यात येतात, तपासणी होते, आणि पुढील महिन्यांत दूरध्वनीवर विचारपूस करून औषध डाकेने जाते. एप्रिल २०२० मध्ये भारतीय चिकित्सा परिषदेने आयुर्वेदादी पद्धतींच्या वैद्यांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांस अनुसरून प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवली जाते. यात दलाली नाही, जाहिरात नाही, परत येणारा मालही जवळजवळ नाही. उत्पन्न बेताचे आहे. पण ते दरमहा येते आणि त्यात भीती नाही.

ऑनलाईन व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी जरूर करावा. आरंभी एकच औषध घ्यावे, एका वर्षाच्या तोट्याची तरतूद बाजूला ठेवावी, कर-सल्लागाराकडून नोंदणीची खातरजमा करावी आणि संकेतस्थळावरील प्रत्येक शब्द स्वतः वाचावा. आणि रुग्णाने "मोबाईलवरून मागवू का?" असे विचारले तर रागावू नये. औषधाचे नाव पाहावे, त्यातील घटक वाचून दाखवावेत, आणि ते त्यास योग्य आहे की नाही हे सांगावे. तेवढे सांगण्यासाठीच तो आपल्यासमोर बसलेला असतो.