पंचवटीचे रामनाम आणि तीन मिनिटांचा ख्याल

28 मे 1921 रोजी नाशिक मुक्कामी जन्मलेल्या दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचे चरित्र लिहावयास बसणाऱ्याला प्रथम त्यांच्या वडिलांचे चरित्र लिहावे लागते, आणि वडील एवढे मोठे की पुत्रापर्यंत पोचता पोचता निम्मी शाई संपते. कुरुंदवाडच्या एका हरिदासाचा हा मुलगा, म्हणजे विष्णु दिगंबर (जन्म 1872), बालपणी शोभेच्या दारूने डोळे अधू झाल्यामुळे पोथी-पुस्तकांस पारखा झाला, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेऊन 1896 साली बाहेर पडला, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरास त्याने गांधर्व महाविद्यालय उघडले. ते कोणा संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जाहीर जलशांच्या उत्पन्नावर चालावे, हा त्यातील खरा क्रांतिकारक भाग होता. दरबारात हात जोडून बिदागीची वाट पाहणाऱ्या गवयाला समाजात मास्तराच्या बरोबरीची खुर्ची मिळाली ती या माणसामुळे. 1908 साली मुंबईस शाखा निघाली, पुढे विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, तिच्यापायी कर्ज वाढत गेले आणि अखेर सावकाराच्या तगाद्याने तिचा लिलाव झाला.

आयुष्याच्या या उत्तरार्धात पंडितजींचे चित्त रामनामाकडे वळले होते. भगवी वस्त्रे धारण करून ते पंचवटीत राहू लागले व तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम चालविला. काळारामाचे मंदिर, गोदावरीचे घाट, आणि पहाटेपासून टाळ-तंबोऱ्यावर चाललेले नामसंकीर्तन, या वातावरणात दत्तात्रेयाचे, म्हणजे घरच्यांच्या बापूंचे, बाळपण गेले. आधीची अनेक अपत्ये अकाली दगावलेल्या घरातले हे मूल असल्याने त्याच्यावर माया किती असेल याची कल्पना करता येते. परंतु तालमीचा काळ मात्र पित्याच्या हाती उरला नव्हता. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस विष्णु दिगंबर निवर्तले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता.

वारसा म्हणून इमारत राहिली नाही, रोकड राहिली नाही. राहिले ते शिष्य, आणि तेच खरे जिंदगीचे मोल ठरले. विनायकराव पटवर्धन यांनी 1932 साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे गुरुपुत्राची रीतसर तालीम झाली. नारायणराव व्यास व चुलतबंधू चिंतामणराव पलुसकर यांचेही मार्गदर्शन त्यास लाभले. 1935 साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात त्याने पहिली मैफल गाजविली. पंजाब हा पित्याच्या कर्तृत्वाचा मुलूख, तेव्हा श्रोत्यांनी पहिल्या टाळ्या आडनावाला दिल्या असतील. पण पुढची वीस वर्षे कोणीही नुसत्या आडनावासाठी टाळ्या वाजवीत नाही.

या गायकाचे वैशिष्ट्य सामान्य वाचकास सांगावयाचे तर त्याची तबकडी हाती घ्यावी. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते, आणि जो ख्याल मैफलीत पाऊण तास चालावा तो या अवकाशात बसविताना भल्याभल्यांची तारांबळ उडते: कोणी अंतरा गाळतो, कोणी ताना कोंबतो. बापूरावांचा श्री राग ऐकावा. कोमल रिषभावरून पंचमाकडे जाणारी ती मींड, जिच्यावर या सायंकालीन रागाचे सारे गांभीर्य तोललेले आहे, ते घाई न करता घेतात. स्थायी व अंतरा शब्द न मोडता मांडतात. मग मोजक्या स्वच्छ ताना. आणि तबकडी संपते तेव्हा राग अर्धवट सोडल्याचा भास होत नाही. बंदीश आधी पूर्ण गावी, मध्य लय ठेवावी, अलंकार मागाहून यावेत, हा ग्वाल्हेरचा जुना शिरस्ताच. त्या शिरस्त्यास त्यांनी दिलेला मुलायम, प्रसन्न आवाज मात्र त्यांचा स्वतःचा. भजनाचेही तेच. तुळसीदासांचे रामाच्या बाललीलांचे पद त्यांनी गायिले तेव्हा ख्यालाचे पांडित्य बाहेर ठेवले नाही आणि भक्तीवर चढूही दिले नाही. पंचवटीच्या आश्रमाचा धागा शोधावयाचा तर तो येथे सापडतो, असे माझे मत आहे.

1952 साली विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात नौशाद यांनी त्यांस उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत देसी रागात गाववले. कथेच्या सोयीसाठी तेथे पलुसकरांचा बैजू जिंकतो व खाँसाहेबांचा तानसेन हरतो. जाणकार तो निकाल मनावर घेत नाहीत, आणि घेऊही नये. ऐकण्याजोगी आहे ती दोन स्वभावांची गाठ: एक धीरगंभीर, खोल जाणारा, दुसरा उजळ आणि चपळ.

1955 साली भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर ते चीनला गेले. परतल्यावर थोड्याच काळात मेंदूज्वराने त्यांस गाठले आणि ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या वयात ख्यालगायक पक्व होऊ लागतो त्या वयात यांचे सगळेच आटोपले. पुढे काय झाले असते या तर्कात हळहळण्यापेक्षा जे झाले ते दीर्घायुषी गवयांच्या कारकिर्दीपुढेही उणे पडत नाही, हे ध्यानी घ्यावे.

पंचवटीत इंद्रकुंडाजवळच्या सभागृहास पित्याचे नाव आहे, ते यथार्थच आहे. पुत्राची जन्मशताब्दी 2021 साली करोनाच्या निर्बंधांत उलटली. त्याचे स्मरण करावयास मात्र सभा-समारंभाची गरज नाही. त्या तबकड्या आता कोणाच्याही भ्रमणध्वनीवर मिळतात. नाशिकच्या संगीतवर्गांनी मुलांकडून श्री रागाची लक्षणे घोकून घेण्यापूर्वी, एका संध्याकाळी, ती तीन मिनिटे त्यांना ऐकवावीत.