भोंगा का टरटरला?

आमचे गाव जवाहरनगर, जिल्हा भंडारा. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना ठाणा पेट्रोलपंप नावाचे गाव लागते. त्याच्या जवळच आमची वसाहत आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे ती पुष्कळांना ठाऊक आहे.

२०१९ सालची गोष्ट. २६ जानेवारीचा दिवस होता. जवळच्या एका खेड्यात झेंडावंदनासाठी आम्हाला बोलावले होते. शाळेपुढे मांडव घातला होता. माइक होता. दोन मोठे भोंगे होते. भोंगेवाला गावातलाच तरुण होता. कर्ज काढून त्याने हे सामान घेतले होते.

आम्ही बोलायला उभे राहिलो. दोन-चार वाक्ये झाली. तोच भोंग्यातून आवाज आला, "टर्र-टर्र, टक-टक, टर्र-टर्र!" पोरे हसू लागली. भोंगेवाला धावत आला. त्याने वायर हलवून पाहिली. बटणे फिरवली. आवाज थांबला. आम्ही पुन्हा बोलू लागलो. थोड्या वेळाने पुन्हा टर्र-टर्र!

आम्हाला राग आला. सर्वांसमोर आम्ही त्याला म्हणालो, "बाबा रे, भाडे घेतोस, तर मशीन तरी धड आणावी!"

तो मान खाली घालून म्हणाला, "मशीन चांगली आहे जी, गुरुजी. कालच लग्नात वाजली. आता काय झालं, मले समजत नाही."

कार्यक्रम संपला. गावच्या मंडळाने त्याच्या भाड्यातले ३०० रुपये कापले. एक म्हातारबुवा म्हणाले, "मशीनचा दोष नाही. शाळेमागच्या चिंचेवर पहिलेपासून काहीतरी आहे." झाले! तेवढ्यावर गावात कुजबुज सुरू झाली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. खिशातला मोबाईल काढला आणि रेडिओजवळ ठेवला. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. एकाएकी रेडिओ टरटरला. तोच आवाज! लगेच मोबाईलचा दिवा लागला. मुलीचा फोन होता. ती म्हणाली, "बाबा, सकाळी दोनदा फोन केला. तुम्ही उचलला नाही."

आम्ही चमकलो. सकाळी आम्ही मोबाईलची घंटी बंद करून तो खिशात ठेवला होता. फोन दोनदा आला. भोंगा दोनदा टरटरला. दोष मशीनचा नव्हता. चिंचेचाही नव्हता. दोष आमच्या खिशात होता!

असे का होते, ते आता नीट समजून घेऊ.

न दिसणारी लहर

मोबाईलला तार नसते. मग बोलणे जाते कसे? मोबाईल आपल्यातून लहरी बाहेर सोडतो. त्या टॉवरपर्यंत जातात. टॉवरही लहरी सोडतो. त्या मोबाईलपर्यंत येतात. या लहरींना रेडिओ-लहरी म्हणतात. आकाशवाणीचे कार्यक्रमही अशाच लहरींवरून आपल्या घरी येतात.

या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. पण दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. चुलीजवळ बसलो की धग लागते. धग दिसते का? नाही. पण ती असते.

आपल्याच देशातल्या एका थोर माणसाने ही गोष्ट लोकांना दाखवून दिली होती. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. एकीकडे लहरी सोडणारे यंत्र ठेवले. दूर दुसरीकडे घंटा ठेवली आणि थोडी बंदुकीची दारू ठेवली. मध्ये तार नव्हती. तरी घंटा वाजली आणि दारूने पेट घेतला! लोक थक्क झाले.

पुढे शंभर वर्षांनी त्याच शहरातून भारतातले मोबाईलवरचे पहिले बोलणे झाले. तारीख होती ३१ जुलै १९९५. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले. दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले.

तार लहर पकडते

रेडिओ-लहर तारेवर आली की तारेत अगदी थोडी वीज उत्पन्न होते. रेडिओची एरियल हेच काम करते. ती लहर पकडते.

माइकची वायर काही लहर पकडण्यासाठी नसते. पण तीही तारच ना! मोबाईल जवळ आला की तीही लहर पकडते. ही वीज वायरीतून मशीनमध्ये जाते. मशीनचे काम काय? लहान आवाजाचा मोठा आवाज करणे. बोलणाऱ्याचा आवाज कोणता आणि आगंतुक कोणता, हे मशीनला कळत नाही. ती दोघांनाही मोठे करते. म्हणून टरटर ऐकू येते.

टरटरच का?

येथे एक शंका येईल. मोबाईलची लहर फार जलद थरथरते. एका सेकंदात सुमारे ९० कोटी वेळा! काही फोनची तर याहूनही जास्त. माणसाच्या कानाला इतकी जलद थरथर ऐकू येत नाही. सेकंदाला साधारण २० ते २०,००० थरथरी, एवढेच कानाला कळते. मग आवाज कसा येतो?

गावातली बोअरिंग डोळ्यांपुढे आणा. बोअरिंग एक आणि बाया आठ. भांडण नको म्हणून त्या पाळी लावतात. प्रत्येकीने थोडेसे पाणी भरायचे आणि बाजूला व्हायचे. मग पुन्हा आपली पाळी येते.

जुन्या पद्धतीच्या म्हणजे २जी फोनचे असेच आहे. एका वाटेवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. आपल्या पाळीला फोन लहर सोडतो. पाळी संपली की थांबतो. फोन सतत लहर सोडत असला, म्हणजे आपण बोलत असलो, की ही पाळी एका सेकंदात सुमारे २१७ वेळा येते. लहर सुरू, लहर बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. ही चालू-बंद मशीन पकडते. २१७ वेळांची थरथर कानाला चांगली ऐकू येते. भजनातल्या पेटीवर जवळपास एवढ्याच थरथरीचा सूर असतो. पण पेटीचा सूर गोड, आणि हा आवाज कर्कश!

आणखी एक गंमत पाहा. आधी भोंगा टरटरतो आणि मग फोनची घंटी वाजते. लोकांना वाटते, भोंग्याला आधीच कसे कळले? शाळेत गुरुजी हजेरी घेतात. नाव पुकारले की मुलगा म्हणतो, "हजर!" तसेच टॉवर आधी मोबाईलला हाक मारतो. मोबाईल लहर सोडून "हजर" म्हणतो. मग घंटी वाजते. भोंग्याने पकडला तो हा "हजर". कधी कधी फोन येत नाही, तरी टरटर होते. तेव्हाही मोबाईल आपली हजेरी देत असतो.

खेड्यात हा आवाज जास्त का येतो, तेही सांगतो. टॉवर दूर असला की मोबाईल अधिक जोराची लहर सोडतो. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण हळू बोलतो. बांधापलीकडच्या माणसाला मात्र मोठ्याने हाक मारतो. तसेच हे.

आता ४जी फोन आले आहेत. ते लहर सहसा २जी फोनसारखी तोडून तोडून सोडत नाहीत. त्यांचा जोरही कमी असतो. म्हणून त्यांच्यामुळे टरटर फार कमी होते. पण पुष्कळ साधे बटणांचे फोन अजून २जी वरच चालतात.

उपाय काय?

उपाय सोपा आहे. पैसा लागत नाही.

१. मोबाईल माइक, वायर आणि मशीन यांपासून पाच-सहा हात दूर ठेवावा. कंदील दुप्पट दूर नेला की त्याचा उजेड चौथाईवर येतो. लहरींचेही साधारण तसेच असते.

२. माइकवर बोलणाऱ्याने मोबाईल पुरता बंद करावा. नुसती घंटी बंद करून भागत नाही. घंटी बंद असली तरी लहर चालूच राहते. आम्ही हीच चूक केली.

३. माइकची वायर आत जाळी असलेली घ्यावी. जाळी बाहेरच्या लहरी अडवते. वायरीची टोके घट्ट बसवावी.

४. टरटर झाली म्हणून चांगली मशीन उघडू नये. या आवाजाने मशीन बिघडत नाही. आधी जवळ कोणाचा मोबाईल आहे, ते पाहावे.

कानाचे यंत्र

ही गोष्ट नुसत्या भोंग्याची असती, तर आम्ही इतके लिहिले नसते. आमच्या ओळखीच्या एक आजीबाई आहेत. त्यांना कमी ऐकू येते. मुलाने त्यांना कानाचे यंत्र आणून दिले. चार दिवस त्यांनी ते लावले. मग डब्यात ठेवून दिले. घरचे म्हणाले, "म्हातारी हट्टी आहे. एवढे पैसे पाण्यात गेले."

आम्ही आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, नातीचा फोन आला की कानात भुंगा शिरल्यासारखं होते. मले भेव वाटते जी."

कानाचे यंत्र म्हणजे एक लहानसा भोंगाच आहे. त्यातही माइक असतो. आवाज मोठा करणारी मशीन असते. आजीबाई मोबाईल थेट त्या कानाला लावत होत्या. मग भुंगा का नाही गुणगुणणार? आम्ही मोबाईलचा मोठा आवाज सुरू केला आणि तो हातभर दूर धरायला सांगितले. भुंगा गेला. आजीबाई आता नातीशी रोज बोलतात. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर त्यांच्यावर रागावू नका. आधी विचारा. यंत्र घेताना ते मोबाईलजवळ टरटरते का, तेही तपासून घ्या.

ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी मोबाईल छातीजवळच्या खिशात ठेवू नये. तो यंत्रापासून वीतभर तरी दूर असावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. डॉक्टर सांगतील तसे वागावे.

सुरुंगाजवळ सावध

आपल्याकडे विहिरीचा खडक सुरुंग लावून फोडतात. विजेच्या सुरुंगाला तारा असतात. तार लहर पकडते, हे तुम्ही आता जाणता. बोसांच्या प्रयोगातली दारूही तुम्हाला आठवत असेल. मोबाईलच्या लहरीने सुरुंग उडणे सहसा घडत नाही. पण येथे "सहसा" म्हणून चालत नाही. येथे जिवाशी गाठ आहे. म्हणून स्फोटक माल असतो तेथे मोबाईल न्यायचाच नाही. सुरुंगवाल्याने मोबाईल दूर ठेवा म्हटले, तर हुज्जत घालू नये. मुकाट्याने ठेवावा.

शेवटची गोष्ट

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खेड्यात पुन्हा गेलो. भोंगेवाल्याला त्याचे ३०० रुपये आमच्या खिशातून दिले. तो घेईना. आम्ही म्हणालो, "घे बाबा. चूक तुझी नव्हती, आमची होती." पण त्याला सर्वांसमोर बोललो होतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेत आम्ही सर्वांसमोर चूक कबूल केली. माइकजवळ मोबाईल धरून तो आवाज करूनही दाखवला. ते म्हातारबुवा पुढेच बसले होते. ते हसून म्हणाले, "म्हणजे भूत चिंचेवर नव्हतं. गुरुजीच्या खिशात होतं!"

मंडळी, यंत्र बिघडले असे वाटले, तर आधी कारण शोधावे. मग माणसाला बोल लावावा.