मुलांसाठी तानपुरा घेताना

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मूल गाणं शिकू लागलं की घरी तानपुरा हवासा वाटतो. मिरज आपल्याला जवळच. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

घेताना तीन गोष्टी बघा:

१. भोपळ्याला तडा नको.
२. सुरात लावलेली खुंटी घसरायला नको.
३. घोडीवरची जवारी नीट काढलेली हवी. नाहीतर तारेचा नाद भरून येत नाही आणि मुलाच्या कानाला चुकीचीच सवय लागते.

आपल्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दमट हवेत लाकूड फुगतं, सांधे सुटू शकतात. म्हणून पावसाळ्यात तानपुरा ओल्या भिंतीला टेकवू नका. गवसणी घालून कोरड्या खोलीत ठेवा. तारेने घोडी झिजली की जवारी पुन्हा काढावी लागते, तेव्हा कारागिराचा नंबर जपून ठेवा.