उंचीचा आकडा आणि कॉफीची चव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : डोंगर आणि पाऊस असला की कॉफी पिकते.
पुण्याजवळच्या देहूरोडला लागून घोराडेश्वराचा डोंगर आहे, मावळात पाऊसही धो धो पडतो. मग इथे कॉफी का नाही, असा प्रश्न पडू शकतो. कॉफीला पाऊस किती यापेक्षा तो केव्हा पडतो हे महत्त्वाचे असते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी आल्या की काही दिवसांतच झुडूप फुलते. त्या चुकल्या तर फुलोराच बिघडतो. मावळाचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आटोपतो. तुषार सिंचनाने फुलोऱ्याचे पाणी देता येईल, हा आक्षेप रास्त आहे. कर्नाटकात अनेकजण तसे करतातही. पण ऐन उन्हाळ्यात पाणी आणि पंपाचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपायला हवा. शिवाय अरेबिका जातीच्या कॉफीला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते आणि देहूरोड त्याच्या बरेच खाली आहे. महाराष्ट्रात कॉफी आहे ती मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, आणि तीही थोडीच.

गैरसमज : कॉफी हे बड्या मळेवाल्यांचे पीक.
भारतातले बहुतांश कॉफी उत्पादक दहा हेक्टरपेक्षा कमी जमिनीचे धनी आहेत. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात तर आदिवासी कुटुंबे छोट्या तुकड्यांवर, सावलीच्या झाडांखाली आणि मिरीच्या वेलांसोबत ही झुडपे वाढवतात. तिथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावली हा इथे शेतीचाच भाग आहे : ऊन जास्त लागले की अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरतो.

गैरसमज : चव उंचीने आणि भाजणीने ठरते.
उंचावरच्या थंडाव्यात फळ सावकाश पिकते आणि भाजणीने स्वाद खुलतो, हे खरेच. पण या दोन टप्प्यांच्या मधले काम हुकले तर दोन्ही वाया जातात. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून लाल झालेली तेवढी वेचत पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. धुतलेल्या कॉफीसाठी साल त्याच दिवशी काढायची, बियांवरचा चिकट थर आंबवून सोडवायचा, त्या धुऊन सावकाश वाळवायच्या. एक किलो कच्च्या बियांसाठी पाच-सहा किलो फळे लागतात. आंबवणे लांबले किंवा ओलावा राहिला तर येणारा कुबट वास गडद भाजणी झाकते, घालवत नाही. एकट्या शेतकऱ्याकडे यंत्र आणि स्वच्छ पाणी नसले की फळ मिळेल त्या भावाने विकावे लागते. अराकूत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने फळे एकत्र आणून सामायिक केंद्रात प्रक्रिया सुरू केली आणि ही अडचण बरीच दूर केली. लहान शेतकऱ्याच्या कॉफीला दर्जा नसतो, या समजुतीला तिथल्या कॉफीनेच उत्तर दिले आहे.

म्हणून कॉफीचा पुडा घेताना त्यावरच्या उंचीच्या आकड्यावर थांबू नका. कॉफीत मिसळलेल्या चिकोरीचे प्रमाण वाचा, कॉफी कुठल्या शेतकऱ्यांची आणि कशी वाळवलेली आहे ते दुकानदाराला विचारा. निगुतीने वेचण्या-वाळवण्याच्या कष्टांना दाम मिळाला, तरच लहान शेतकरी ते कष्ट पुढच्या हंगामातही घेईल.