८०० येनचं बालपण

टोकियोहून परत आलं की कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अकिहाबारा पाहिलंस की नाही?’ पाहिलं ना! रेडिओ काइकानचे मजले मान दुखेपर्यंत फिरून झाले. पण तुम्ही ‘नारुतो’ आणि ‘वन पीस’साठी परीक्षेच्या आदल्या रात्रीही जागणाऱ्यांपैकी असाल, तर आणखी एक नाव आताच लिहून ठेवा. नाकानो ब्रॉडवे.

कॉलेजच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून दहा दिवस जपानला जायला मिळालं. शेवटची दुपार मोकळी होती आणि पाकिटात उरले होते ५,००० येन. एक येन म्हणजे साधारण साठ पैसे धरा. म्हणजे जेमतेम तीन हजार रुपये!

शिंजुकूहून चुओ लाइनची फास्ट पकडायची. दादरहून फास्ट लोकलने वांद्र्याला उतरावं, तसं पुढचंच स्टेशन नाकानो. उत्तरेच्या बाजूने बाहेर पडलात की समोर ‘सन मॉल’ दिसतो. हा मॉल म्हणजे वरून छप्पर घातलेली, सव्वादोनशे मीटर लांबीची बाजारगल्ली. चपला, औषधं, मिठाई, कपडे असं सगळं. आपण चुकून तुळशीबागेत आलो की काय, असं वाटत असतानाच गल्ली संपते आणि ब्रॉडवेचं दार येतं.

दोन त्सुबोंची गोष्ट

ही इमारत १९६६ची. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत दुकानं, पाच ते दहा मजल्यांवर राहती घरं आणि गच्चीवर चक्क बाग आणि पोहण्याचा तलाव. तेव्हा हा पत्ता एकदम पॉश होता. अॅनिमेशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो जोडला गेला १९८०मध्ये. मासुझो फुरुकावा या मांगा काढणाऱ्या चित्रकाराने इथे जुन्या मांगांचं दुकान टाकलं. जागा किती? दोन त्सुबो, म्हणजे साधारण ७० चौरस फूट. आपल्या कॉलेजबाहेरचं झेरॉक्सचं दुकान आठवा, तेवढंच. त्याचं नाव ‘मांदाराके’. आज याच इमारतीत मांदाराकेची कितीतरी दालनं आहेत. मांगाचं वेगळं, खेळण्यांचं वेगळं, कॉस्प्लेच्या कपड्यांचं वेगळं. त्यांच्या आजूबाजूला इतरांचीही छोटी छोटी दुकानं दाटीवाटीने उभी आहेत.

आत शिरल्यावर पहिली गंमत सरकता जिना करतो. पहिल्या मजल्यावरून तो तुम्हाला थेट तिसऱ्यावर नेऊन सोडतो! दुसरा मजला साध्या जिन्याने शोधायचा. मी दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा त्याचं वाईट वाटलं नाही.

काचेपलीकडे

काय काय आहे इथे? ‘सोफुबी’ म्हणजे मऊ व्हिनाइलचे गॉडझिला आणि अल्ट्रामॅन. अल्ट्रामॅनची मालिकाही १९६६चीच, त्यामुळे ती लहानपणी पाहिलेली पिढी आज साठी ओलांडलेली आहे. म्हणूनच काचेच्या कपाटासमोर वाकून, चष्मा वर करून राक्षसांचे पाय निरखणारे सूटमधले काका दिसले की हसू नका. ते नातवासाठी नाही, स्वतःसाठी आले असण्याची शक्यता जास्त.

एका दालनात ‘सेल’ आहेत. पूर्वी अॅनिमेची प्रत्येक हालचाल पारदर्शक शीटवर हाताने रंगवत. बाह्यरेषा पुढून, रंग मागून. पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेलं. ‘साझाए-सान’ ही मालिका मात्र २०१३पर्यंत सेल वापरत होती. पडद्यावर क्षणभर दिसून गेलेलं ते चित्र तुमच्या समोर असतं, एकुलतं एक. किंमत पाहून मी हात मागे घेतला, पण पाहायला पैसे पडत नाहीत.

मला सगळ्यात आवडल्या त्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्या. खोका चेपलाय, रंग उडालाय, एक भाग नाही, जे असेल ते सरळ लिहिलेलं. आपल्याकडे एका रस्त्यावरच्या स्टॉलवर मी ‘ओरिजिनल’ म्हणून लुफी घेतला होता. आठवड्यात त्याचा रंग बोटांना लागायला लागला. इथे वस्तू जुनी असली तरी तुम्हाला फसवत नाही.

आणि मग ते दिसलं

तिसऱ्या मजल्यावर एका टोपलीत सुट्या वस्तू होत्या. त्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत निळं मेटल बेब्लेड. पेगासस!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी याच पेगाससने मुलांना हरवायचे. ‘मुलगी असून बेब्लेड काय खेळतेस?’ हे ऐकून ऐकून आणि आता आपण मोठे झालो हे दाखवायला नववीच्या दिवाळीत मी पूर्ण डबा भंगारवाल्याला दिला. आई ‘राहू दे गं’ म्हणत होती. मीच ऐकलं नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ओरखडे आहेत, लाँचर नाही’. ८०० येन. काउंटरवरच्या दादाने ते दोन्ही हातांनी उचललं, कागदात गुंडाळलं, टेप लावली. ओरखड्यांचं बेब्लेड, पण नव्या वस्तूसारखं बांधून दिलं. बाहेर आल्यावर सन मॉलमध्ये मी थोडा वेळ नुसतीच उभी होते.

जाणार असाल तर

सकाळी धावू नका, बरीचशी दुकानं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात. फोटोआधी पाटी वाचा, अनेक ठिकाणी मनाई असते. नव्या, मोठ्या स्केल फिगरला १५,००० येनच्या पुढे सहज मोजावे लागतात, पण गेम सेंटरच्या क्रेन मशीनसाठी बनलेल्या ‘प्राइझ फिगर’ अधिकृत असूनही बऱ्याच स्वस्त मिळतात. तेही नको असेल तर गाशापोनच्या मशीनमध्ये ३०० ते ५०० येनची नाणी टाका, मूठभर आनंद बाहेर येतो. तळघरातल्या ‘डेली चिको’चं आठ थरांचं आइस्क्रीम एकट्याने मागवू नका!

आणि टोकियो अजून लांब असेल, तर एक काम आजच करा. माळ्यावरचा तो जुना डबा खाली काढा. खेळायचं नसेल तर नका खेळू. पण ‘आता मोठे झालो’ एवढ्याच कारणाने कुणाला देऊन टाकू नका.

माझं बेब्लेड टेबलावर आहे. लाँचर अजून शोधतेय.