तळ्याच्या तळाशी ४ अंश

मालवणला किंवा अंदमानला जाऊन तुम्ही कदाचित स्कूबा केलं असेल. इन्स्ट्रक्टरने मागून धरलेलं, कोमट पाणी, डोळ्यांसमोर रंगीत मासे, थोड्या वेळात बाहेर आणि मोबाइलवर व्हिडिओ. मजा येतेच. पण जगात असंख्य लोक स्कूबा शिकतात ते समुद्रात नाही, तर गावाबाहेरच्या तळ्यात किंवा पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत. तिथलं पाणी कोमट नसतं आणि मासाही एखादाच दिसतो. तरीही तिथे तयार झालेला डायव्हर पुढे कुठेही सहसा गोंधळत नाही. असं का?

इंग्लंडमधलं लेस्टरशरचं स्टोनी कोव्ह बघा. मूळची ही ग्रॅनाइटची खाण. १९५८मध्ये काम थांबलं, पंप बंद झाले आणि झऱ्यांच्या पाण्याने खाण भरली. दगड काढताना राहिलेले टप्पे आता शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. नवखे ६-७ मीटरवर, थोडे सरावलेले २० मीटरच्या पुढे आणि सर्वांत खोल जागा सुमारे ३५ मीटर. एक जुनी टगबोटही तिथे मुद्दाम बुडवून ठेवली आहे. हिवाळ्यात इथलं पाणी ४-५ अंशांपर्यंत उतरतं, तरी सराव चालूच असतो.

विहिरीत पोहायला शिकला असाल तर पुढची गोष्ट तुमच्या पायांना आधीच माहीत आहे. मे महिन्यात विहिरीत उडी मारली की छातीपर्यंतचं पाणी बरं वाटतं आणि खाली पायांना एकदम गार लागतं. तापलेलं पाणी हलकं म्हणून वर राहतं, थंड पाणी जड म्हणून खाली. खोल तळ्यात ही सीमा इतकी स्पष्ट असते की डायव्हर एका हातभर अंतरात उन्हाळ्यातून हिवाळ्यात शिरतो. तिथे पाणी थरथरल्यासारखं दिसतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा दिसते तसं. आणि गोडं पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना. म्हणून वर बर्फ गोठला तरी तळाचं पाणी साधारण ४ अंशांवर टिकतं आणि मासे जगतात.

माशांचं ठीक आहे, माणसाचं काय? पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा जवळजवळ २५ पट वेगाने ओढून घेतं. थंड पाण्यात पडल्यावर पहिला धोका गारठून बेशुद्ध होण्याचा नसतो, श्वासाचा असतो. आपोआप मोठा श्वास ओढला जातो, धाप लागते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे सोपं करून सांगितलंय : गोठत्या पाण्यात पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणून पहिल्या मिनिटात धडपड करायची नाही, तरंगत राहून श्वास सावरायचा. लडाख-हिमाचलला मुलांना घेऊन जाणार असाल तर हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

डायव्हर अर्थात तयारीने उतरतो. वेटसूट आत पाणी येऊ देतो, म्हणून इतक्या थंडीत ड्रायसूट लागतो. आत गरम कपडे, गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर, छातीवर हवा भरायचा वॉल्व्ह. पण ही हवा सांभाळणं हीच एक वेगळी विद्या. डोकं खाली झालं की सगळी हवा पायांत जाते आणि माणूस उलटा वर खेचला जातो. जाड हातमोज्यांत साधं बकल सापडत नाही. म्हणून तेच तेच पुन्हा पुन्हा करायचं, आधी पूलमध्ये, मग तळ्यात.

गंमत म्हणजे उन्हाळ्यात संकट उलटं असतं. काठावर रणरणतं ऊन, अंगावर तळाच्या थंडीसाठी चढवलेला सूट आणि पाठीवर जड सिलिंडर. पाण्यात उतरण्याआधीच चक्कर येऊ शकते. अनुभवी लोक बाकीचं सगळं तयार ठेवतात, सूट सर्वांत शेवटी, सावलीत बंद करतात.

थंडीत यंत्रही दगा देऊ शकतं. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना वॉल्व्ह गार लागतो ना? सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा मोकळी होताना तशीच थंड होते. पाणीही गोठायच्या बेतात असेल तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, तो उघडा अडकतो आणि हवा धो धो वाहू लागते. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. त्यामुळे थंड पाण्यासाठी बनवलेला रेग्युलेटर घ्यायचा, पाण्यात शिरण्याआधी त्यातून उगाच श्वास घ्यायचा नाही, आणि वाहत्या हवेतून घोट घोट श्वास घ्यायची सवय आधीच करून ठेवायची.

या सगळ्याची खरी परीक्षा सैबेरियातल्या बैकाल सरोवरात. १,६४२ मीटर खोल, जगातलं सर्वांत खोल. हिवाळ्यात त्यावर मीटरभर जाडीचा बर्फ धरतो, गाड्या चालतात. बर्फात त्रिकोणी भोक पाडून डायव्हर उतरतात. त्रिकोणी यासाठी की कोपऱ्यात दोन्ही बाजूंना हात टेकून वर यायला सोपं जातं. खाली लख्ख पाणी आणि हिरव्या स्पंजांची झुडपं. पण डोक्यावर छत आहे, हवं तिथून वर येता येत नाही. म्हणून प्रत्येकाला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात, झटक्यांची ठरलेली भाषा आणि काठावर सूट घालून बसलेला एक राखीव डायव्हर. वरचा माणूस उणे २० अंशांत गप्पा न मारता दोराकडे लक्ष देतो. माझ्या मते अवघड काम त्याचंच.

आपल्याकडे बर्फाखाली उतरायची वेळ सहसा येत नाही. पण एनडीआरएफचे डायव्हर धरणात बुडालेल्याला शोधतात तेव्हा गढूळ पाण्यात हाताने चाचपत जावं लागतं आणि दोराची तीच भाषा तिथे कामी येते.

तुम्हाला शिकायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून कान, छाती, हृदय तपासून घ्या आणि कोमट पाण्यातला मूळ कोर्स पूर्ण करा, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे. मग थंड पाणी, तेही ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेऊन. गोड्या पाण्यात शरीर कमी तरंगतं, म्हणून समुद्रापेक्षा शिशाची वजनं दोन-तीन किलो कमी लावतात. तळं समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंच असेल तर खोलीचं आणि वेळेचं गणितही बदलतं, ते इन्स्ट्रक्टरला आवर्जून विचारा.

वर आल्यावर कोरडे कपडे, टोपी, गरम चहा. दारू नाही, लगेच कडकडीत पाण्याने अंघोळही नाही. आणि घरी परतायचं विमान निदान दुसऱ्या दिवशीचं काढा. एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात, आणि उंच घाटातून गाडीने जायचं असेल तर तेही आधी विचारून घ्या.