विश्लेषण : जळायलाही काही उरलं नाही! 25 कोटी वर्षांपूर्वीच्या वणव्यांनी जंगलांचं काय केलं?

मराठीत ‘कोळसा’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक खाणीतला दगडी कोळसा, दुसरा कणीस भाजायच्या शेगडीतला लाकडी कोळसा. दगडी कोळसा म्हणजे दलदलीत साचून, दबून, लाखो वर्षांनी तयार झालेला वनस्पतींचा थर. लाकडी कोळसा म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. शास्त्रज्ञांना दगडी कोळशाच्या थरांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खडकांत लाकडी कोळशाचे बारीक कण सापडतात. म्हणजे त्या दलदली कधीतरी पेटल्या होत्या.

सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, पृथ्वीच्या इतिहासातला सर्वात मोठा महाविनाश झाला. सैबेरियात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले, कार्बन डायऑक्साइड वाढला, तापमान चढलं आणि समुद्रातल्या बहुतांश प्रजाती संपल्या. समुद्राबद्दल बरंच लिहिलं जातं. जमिनीवरच्या झाडांचं काय झालं?

याचं सर्वात स्पष्ट उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सिडनी खोऱ्याच्या खडकांत आहे. हा भाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. तिथे ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची दलदलीतली जंगलं होती. जिभेच्या आकाराची पानं, म्हणून हे नाव. ही पानं आपल्यालाही परकी नाहीत. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरातून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. त्यांचं वर्णन 1861 मध्ये प्रसिद्ध झालं. चंद्रपूरचा कोळसाही ग्लोसोप्टेरिसच्याच जंगलांचा, फक्त तो या महाविनाशाच्या कितीतरी आधीचा. तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका गोंडवाना या एकाच महाखंडाचे भाग होते. (आणि हे नाव आलं ते आपल्या शेजारच्या गोंडांच्या प्रदेशावरून!)

सिडनी खोऱ्यात कोळशाचा शेवटचा थर जिथे संपतो, तिथे ग्लोसोप्टेरिसही संपतं. त्यावर चिखलाच्या खडकाचा थर आहे. त्यात जिवंत जंगलाच्या खुणा जवळपास नाहीत, लाकडी कोळसा मात्र भरपूर. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जंगलांचा हा ऱ्हास समुद्रातल्या मुख्य विनाशाच्या सुमारे 3 लाख 70 हजार वर्षं आधी झाला. म्हणजे आधी जंगलं गेली.

मग जंगलं आगीनेच संपली का? इथे घाई नको. ख्रिस मेज आणि स्टीफन मॅकलॉफलिन यांनी 2022 मध्ये वेगळा प्रश्न विचारला: वणवे आधी किती लागत होते? इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर बेसलाइन काय होती? ती माहीत नसेल तर ‘आग वाढली’ या विधानाला अर्थच नाही. मोजणीनंतर दिसलं, की पर्मियनच्या शेवटच्या टप्प्यात ओलसर दलदलींतही वणवे नेहमीचेच होते. ग्लोसोप्टेरिसची जंगलं त्यासह टिकून होती. विनाशाच्या वेळी मात्र कोळशाच्या कणांचं प्रमाण एकदम उसळलं. आणि त्यानंतर ते घसरलं.

घसरलं, कारण हवामान निवळलं म्हणून नव्हे. विरळ झाडोऱ्यात आग पसरणार कशी?

म्हणून या दोघांचा निष्कर्ष बेताचा आहे. वणव्यांची लाट अल्पकाळाची होती. दलदलींनी साठवून ठेवलेला कार्बन हवेत सोडायला आणि जंगलं मोडकळीला आणायला तिने हातभार लावला. पण पुढे सुमारे 1 कोटी वर्षं जगात दगडी कोळसा जवळजवळ तयारच झाला नाही, त्याचा दोष थेट आगीवर टाकता येत नाही. उष्णता आणि बदललेलं हवामान हे मूळ दुखणं. दक्षिण चीनमधल्या उष्ण कटिबंधीय दलदलींतही विनाशाच्या आसपास वणव्यांचे पुरावे मिळतात, म्हणजे हे एका कोपऱ्यातलं प्रकरण नव्हतं.

दलदल पेटली की नेमकं किती बिघडतं, याचं ताजं उदाहरण इंडोनेशियाचं. 1997 मध्ये तिथल्या पीटच्या जमिनी जळाल्या आणि एका अंदाजानुसार 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेला. जगभर त्या काळी वर्षभरात जाळल्या जाणाऱ्या कोळसा, तेल आणि वायूतून निघणाऱ्या कार्बनच्या तुलनेत हे 13 ते 40 टक्के! झाडं पुन्हा लावता येतात. पीटचा थर साचायला हजारो वर्षं लागतात.

सिडनी खोऱ्यात नंतर जे उगवलं, ते वेगळंच होतं: प्लुरोमियासारख्या बुटक्या, फांद्या नसलेल्या वनस्पती, काही सूचिपर्णी झाडं, बियांची नेच्यासारखी झुडपं. दाट दलदली परतल्या, पुन्हा कोळसाही साचू लागला, पण तो घडवणारी झाडं दुसरी होती. ग्लोसोप्टेरिस परत आलं नाही.